बिनवळणाच्या रस्त्यासाठी एक ट्रेलर

माझ्या पत्नीने एकदा मला एक अट घातली आणि त्याच संध्याकाळी ती अट विसरूनही गेली. माझ्या मात्र ती लक्षात राहिली. तिने जाता-जाता उच्चारलेले प्रत्येक वाक्य लक्षात ठेवणे ही माझी जुनी सवय आहे, कारण आमच्या घरातले बहुतेक निर्णय अशाच वाक्यांतून झालेले आहेत.

ती मूळची निपाणीची. प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून तिने सारे आयुष्य काढले आणि आजही अर्धे निपाणी तिला ‘हेडबाई’ म्हणूनच ओळखते. मी बेळगावच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला. वर्गात बोलताना नजर बहुधा खिडकीबाहेरच्या गुलमोहरावर ठेवली. घरात वाहन चालवणे हे पहिल्यापासून तिचे खाते होते. आधी स्कूटर आणि नंतर मोटार, दोन्ही तिनेच घेतल्या, तिनेच चालवल्या. मी स्कूटरवर तिच्यामागे मांडीवर पिशवी घेऊन बसत असे. विद्यार्थी आपापसांत म्हणत, “सर म्हणजे हेडबाईंच्या स्कूटरची डिकी.” हे माझ्या कानावर आले तेव्हा मला राग आला नाही. दळण, पालेभाजी, छत्री आणि मी, असे सर्व सामान मागच्या बाजूला असायचे, ही वस्तुस्थिती होती.

निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसे वाहने मुलांच्या स्वाधीन करतात त्या वयात, मी मोटारसायकल शिकलो. का शिकलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहाटे मैदानावर कोणी नसताना मी गाडी चालवत असे, आणि पहिला फिरायला येणारा माणूस दिसला की बंद करत असे. माझी उंची बेताची. दुकानातल्या कोणत्याही मोटारसायकलीवर बसलो की मी भिंतीपलीकडे डोकावणाऱ्या माणसासारखा चवड्यांवर उभा राही. अखेर एक लहान गाडी घेतली, मिस्त्रीकडून तिच्या सीटचा फोम तासून घेतला, मागचे शॉक बुटके बसवले, आणि माझे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पदवीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग एका संध्याकाळी, अंगणात गाडी पुसत असताना, मी धीर करून पत्नीला म्हणालो, “एकदा माझ्या मागे बसून बघ.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बसीन की. जिथं वळण न्हाय, ट्रक न्हाय, आणि आपल्याला वळखणारं कुणी न्हाय, असा रस्ता काढा. तिथं बसीन.”

बेळगाव आणि निपाणी यांच्या दरम्यान असा रस्ता नाही. महामार्गावर ट्रक आहेत, तवंदी घाटात वळणे आहेत, आणि हेडबाईंना ओळखणारी माणसे तर प्रत्येक चहाच्या टपरीवर आहेत. तिला वाटले, विषय संपला. मला वाटले, विषय सुरू झाला.

रस्ता सापडला तो एका निवृत्त सहकाऱ्याच्या फोनमध्ये. तो सहलीला कच्छला जाऊन आला होता आणि एका लग्नाच्या पंगतीत सर्वांना छायाचित्रे दाखवत होता. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे रण, मधून काळा रस्ता, आणि तो रस्ता आकाशात जाऊन मिळालेला. “वळणे किती?” मी विचारले. त्याला प्रश्न विचित्र वाटला. “वळायला तिथं हाय काय?” तो म्हणाला. मी जिलेबी तशीच ठेवून ते छायाचित्र पुन्हा मागितले.

अडचण एवढीच होती की माझी मोटारसायकल तिथपर्यंत कशी जाणार. मी ती चालवत नेणे शक्य नव्हते. तासाभरात माझ्या मनगटांना मुंग्या येतात आणि शेजारून ट्रक गेला की माझे डोळे आपोआप मिटतात. तिथे भाड्याने गाड्या मिळतात, पण त्या उंच माणसांसाठी असतात. रेल्वेने पाठवली तरी स्टेशनापासून रणापर्यंतचा मोठा रस्ता मलाच कापावा लागला असता. उरला एकच उपाय. आमच्या मोटारीमागे ट्रेलर जोडायचा आणि गाडी त्यावर चढवून न्यायची.

मी हे सांगितले तेव्हा पत्नी बराच वेळ हसली. मग तिने चष्मा काढला.

“ट्रेलर जोडल्यावर मोटार कोण चालवणार?”

“तू.”

“म्हणजे मी तुमची फटफटी कच्छपतोर ओढत न्यायची, कशासाठी, तर तुमच्या मागं बसाय मिळावं म्हणून?”

“हो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. शाळेत एखाद्या अबोल मुलाने अचानक हात वर केल्यावर ती जशी पाहत असेल, तशी. “बरं हाय,” ती म्हणाली. “पण ट्रेलर दणकट पायजे.”

आमच्या भागात ट्रेलर म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. हंगामात रस्त्याने ट्रॅक्टरमागे डुलत जाणारे, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबणारे ते धूड, त्यालाच आम्ही ट्रेलर म्हणतो. दुसरा प्रकार असू शकतो हे कोणाच्या मनात येत नाही. सोयरीक जुळवतानाही एकरी किती टन पडतो हे आधी विचारतात. तेव्हा आम्ही दोघे ट्रेलरसाठी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उसाचे ट्रेलर बनवणाऱ्या कारखानदाराकडे गेलो, यात आम्हाला काहीच वावगे वाटले नाही.

“काय न्यायचं हाय सर?” त्याने विचारले.

“मोटारसायकल.”

“किती?”

“एक.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पत्नीकडे. “एकच?”

“एकच हाय त्यांच्याकडं,” पत्नी म्हणाली.

“आक्का, माझा ट्रेलर कारखान्याच्या दारात पलटी झाला तर ऊस मोडतोय, ट्रेलर मोडत न्हाय. फटफटीचं काय घिऊन बसलाय! चाकं दोन करू की चार?”

“चार बरी,” पत्नी म्हणाली.

“व्हय की. चार पाय हायत म्हणून म्हस उभी ऱ्हातीया.”

त्या वेळी मी बोलायला हवे होते. कित्येक आठवडे मी याच विषयावर वाचत होतो. ट्रेलरच्या स्प्रिंगा ओझ्याच्या मानाने असाव्या लागतात, वजन कुठे पडते हे वजन किती आहे याइतकेच महत्त्वाचे असते, हे सर्व मला ठाऊक होते आणि वाक्येही तयार होती. पण तो वेल्डरशी कानडीत बोलू लागला, पत्नी रंग निवडू लागली, आणि माझी वाक्ये भाजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी घशाला चिकटून राहिली. मी तशीच ती घरी घेऊन आलो.

ट्रेलर तयार झाला. हिरवा, लाल पट्ट्यांचा, आणि मागच्या फळीवर रंगाऱ्याने नेहमीच्या सवयीने, कोणालाही न विचारता, ‘आई-वडिलांची पुण्याई’ असे ठसठशीत लिहून टाकलेले. चौघांनी माझी मोटारसायकल उचलून वर ठेवली आणि उसाची मोळी आवळायचा सोल, म्हणजे जाड दोरखंड, घेऊन ती शर्यतीच्या बैलासारखी चारी बाजूंनी बांधली. पत्नी मोटारीत बसली. मी मागच्या आसनावर गुडघे टेकून, पाठीमागच्या काचेतून पाहत राहिलो.

सेवा-रस्त्यावर येताच मोटारसायकल उडू लागली. ट्रेलरला खड्डे लागतच नव्हते. त्याच्या स्प्रिंगांचे पोलादी पाटे उसाच्या ओझ्यासाठी घडवलेले असल्यामुळे माझ्या लहानशा गाडीने ते केसभरही वाकत नव्हते, आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा गाडीपर्यंत पोचत होता. तव्यावरच्या लाहीसारखी ती जागच्या जागी टणटणत होती. पहिल्या गतिरोधकावर तिचे पुढचे चाक हवेत गेले. दुसऱ्यावर तिचा आरसा फिरला आणि आकाशाकडे पाहू लागला. परत वळण्यासाठी पत्नीने मोटार मागे घेतली, तेव्हा तो चार चाकांचा ट्रेलर अडकित्त्यासारखा मिटला आणि त्याचा कोपरा मोटारीच्या दिव्यापाशी येऊन थांबला. ती तीन वेळा पुढे-मागे झाली. तिन्ही वेळा अडकित्ता मिटला.

वेल्डरला घेऊन आमच्या मागोमाग आलेला कारखानदार शांत होता. “रिकामा हाय म्हणून उड्या मारतोय आक्का. दोन-चार पोती वाळू टाका, गप बसतोय.”

“म्हणजे रणात जाताना वाळू घरनं न्यायाची?”

“वाळू नको असली तर जोंधळा टाका. वाटंत भाकरी तर खाशीला.”

वेल्डर हसला. पत्नीही हसली, आणि हसण्याच्या भरात ती होकार देणार हे मला दिसले. तिचा होकार कसा येतो ते मला चांगले माहीत आहे: आधी पदर सावरला जातो. तिने पदर सावरला.

“नको,” कोणीतरी म्हणाले.

कोण म्हणाले ते पाहण्यासाठी मीच पहिल्यांदा मागे वळलो. मागे कोणी नव्हते.

“काय नको?” पत्नीने विचारले.

“हा ट्रेलर नको.” आता थांबून उपयोग नव्हता. “याचे पाटे उसासाठी आहेत. माझ्या गाडीचे वजन त्यांना कळणारसुद्धा नाही. वाळू टाकली तर ट्रेलर गप्प बसेल, पण मग आपल्या मोटारीने मोटारसायकल न्यायची की वाळू? घाट उतरताना ते सगळे वजन तुला मागून ढकलेल. आणि आत्ता तू तीनदा मागे घेतलास, एकदाही सरळ आला नाही. वाटेत रोज कुठे ना कुठे मागे घ्यावा लागणार आहे. शिवाय सरकारी मान्यतेशिवाय बनवलेल्या ट्रेलरला नंबर मिळवणे फार अवघड असते.”

वर्गाबाहेर मी एका दमात इतके कधीच बोललो नव्हतो. वेल्डरने हातातला वेल्डिंगचा मुखवटा खाली ठेवला. कारखानदाराने डोके खाजवले.

“म्हणजे सर, तुमास्नी ट्रेलर न्हाय, पाळणा पायजे.”

“हो,” मी म्हणालो. “पाळणाच पाहिजे.”

“मग आदी सांगायचं न्हवं!” तो मोठ्याने हसला. “ह्यो ठेवून जावा माझ्याकडं. वैरणीला कोण बी नेतंय.” आणि खरोखरच कोणा दूधवाल्याने तो लगेच नेला, ‘आई-वडिलांची पुण्याई’ त्याला आयतीच मिळाली.

परत येताना रेल्वे फाटकाशी थांबल्यावर पत्नीने आरशातून माझ्याकडे पाहिले. “तुम्ही कवापासनं बोलाय लागलासा?”

मला एवढेच कळले की आता ट्रेलर मलाच निवडावा लागणार.

मला काय हवे आहे, हे मी तेव्हा प्रथमच नीट मनाशी मांडले. ट्रेलर हलका हवा, दोन चाकांचा हवा, त्याच्या स्प्रिंगा मऊ हव्यात. हे सगळे पुस्तकी होते. परंतु माझी खरी गरज कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. मी अनोळखी माणसाला हाक मारू शकत नाही. रस्त्यावर पत्ता विचारण्यापेक्षा मी चुकीच्या गल्लीत शेवटपर्यंत जातो. ज्या ट्रेलरवर गाडी चढवायला चार माणसे गोळा करावी लागतील, तो कितीही उत्तम असला तरी माझ्या उपयोगाचा नव्हता, कारण मी त्या चार माणसांना बोलावणारच नव्हतो. गाडी मला एकट्याला चढवता यायला हवी होती.

हुबळीच्या वाटेवर असे लहान ट्रेलर सरकारी मान्यतेने तयार करणारा एक कारखाना असल्याचे समजले, म्हणून आम्ही तिथे गेलो. मालकाला मराठी येत नव्हते. पत्नीची कानडी, निपाणीच्या माणसाची असते तशी, अगदी मोकळी. दोघे बोलत पुढे चालले आणि मी मागून गेलो. मालकाने आम्हाला आधी एक बंदिस्त ट्रेलर दाखवला. पांढराशुभ्र, कुलूप असलेला, आतून गुळगुळीत. पत्नीला तो पाहताक्षणी आवडला.

“ह्यो घेऊ या. धूळ न्हाय, पाऊस न्हाय. आन् कुणाला दिसणार बी न्हाय. न्हायतर लोक म्हणतील, प्रोफेसरांची फटफटी डोलीत बसून चाललीया.”

माझ्यासारख्या माणसाला तो मोह मोठाच होता. सगळे झाकलेले, कोणी काही विचारायचे नाही. पण त्याच्या उंच भिंतींना घाटातला आणि रणातला वारा आडवा लागणार होता, आणि मोटार चालवताना पत्नीला मागचा रस्ता दिसणार नव्हता. मी त्याच्या भोवती एक फेरी मारली. तेव्हा त्याच्यामागे, पत्र्याच्या आडोशाला, एक उघडा, बुटका ट्रेलर दिसला. दोन चाके, मध्ये एक लांब पन्हाळीसारखी पट्टी, आणि पट्टीच्या पुढच्या टोकाला मोटारसायकलीचे चाक धरून ठेवणारी लोखंडी खाच. माझ्या पाठोपाठ आलेल्या कामगाराने मला काही न सांगताच त्याची एक खीळ काढली. ट्रेलरचा सगळा तळ मागच्या बाजूने हळूच खाली गेला आणि जमिनीला टेकला. पुढची बाजू हवेत उचलली गेली.

“उलाळ,” मी म्हणालो.

हा शब्द मी निदान पन्नास वर्षे उच्चारला नव्हता. माझे वडील येळ्ळूरला दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करत. बैलगाड्या त्यांनी जन्मभर भरल्या, पण गाडी आमची कधीच नव्हती. खताची किंवा भाताच्या पेंढ्यांची गाडी मागून भरत आणली की मागे वजन जास्त होई, जू वर उचलले जाई आणि बैलांच्या मानेला दोर काचे. “गाडी उलाळ झालीया, चढ रं,” असे वडील मला म्हणत आणि मी पुढच्या दांडीवर जाऊन बसे. मग जू हळूहळू खाली येई. आयुष्यातले माझे पहिले काम हे होते. मी तिथे बसून काहीही करत नसे. फक्त पुढच्या बाजूचे वजन म्हणून माझा उपयोग होता. लोक म्हणत, पोरगं अबोल हाय, पण जागेवर बसतंय.

आता तोच शब्द माझ्यासमोर लोखंडात उभा होता. मालक पत्नीला कानडीत समजावू लागला तोपर्यंत मी कामगाराची मोटारसायकल मागून घेतली होती. कशी मागितली ते विचारू नका. बोटाने दाखवली असावी. ती माझ्या गाडीपेक्षा बरीच जड होती. मी तिचे पुढचे चाक पन्हाळीत घातले, इंजिन सुरू ठेवून, क्लच अर्धा सोडत, शेजारून चालत तिला वर नेऊ लागलो. चाकांच्या वरून ती पुढे सरकली, आणि ज्या क्षणी वजन पुढे गेले त्या क्षणी ट्रेलरचा तळ, जू खाली यावे तसा, अगदी संथपणे खाली आला आणि ‘टक्’ असा आवाज करून बसला. मी खीळ घातली. कोणालाही हाक मारावी लागली नाही.

मालक बोलता बोलता थांबला.

मी पुढे जाऊन ट्रेलरचे मोटारीला अडकवायचे टोक हातांनी उचलून पाहिले. ते अलगद वर आले, फार अलगद. म्हणजे वजन अजून थोडे मागेच होते. “पुढची खाच एक भोक पुढे घ्यायला सांग,” मी पत्नीला म्हणालो. तिने सांगितले. खाच पुढे घेतल्यावर मी पुन्हा उचलले. आता टोक हाताला नीट जाणवत होते, हट्टी न होता जड. बैलांच्या मानेवर जू असे बसले की वडील हात झटकत आणि म्हणत, “हं, आता हाक.”

“साकु?” मालकाने मला थेट विचारले. पुरे का?

“साकु,” मी म्हणालो. माझ्या कानडीचा तो सर्वांत आत्मविश्वासपूर्ण शब्द.

पत्नी अजून पांढऱ्या पेटीकडे पाहत होती. “पण ह्यो उघडा हाय. सगळ्यास्नी दिसंल.”

“दिसू दे,” मी म्हणालो.

तिने पदर सावरला.

त्यानंतरचे काही रविवार घराजवळच्या मैदानावर गेले. ट्रेलर मागे घेताना डावीकडे न्यायचा असेल तर सुकाणू उजवीकडे फिरवावे लागते, हे पटायला तिला वेळ लागला. “ह्ये तर वरच्या सायबांसारखं झालं,” ती खिडकीतून ओरडली. “पायजे ते मिळवायचं तर उलटं मागायचं!” पण एकदा हे सूत्र सापडल्यावर तिने तो ट्रेलर दोन कडुलिंबांच्या मधून असा काढला की मैदानावरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही थंडीत निघालो. तवंदी घाट उतरताना मी श्वास रोखून आरशात पाहत होतो. मोटारसायकल चार रुंद पट्ट्यांनी अशी आवळली होती की तिच्या स्प्रिंगा अर्ध्या दबलेल्या राहतील. ती ट्रेलरबरोबर खाली-वर होत होती, आणि ट्रेलर रस्त्याबरोबर. निपाणीत चहाला थांबलो तेव्हा भोवती माणसे जमलीच.

“हेडबाई, फटफटी बंद पडली व्हय?”

“चालू हाय.”

“मग वर का बसवलीया?”

“तिला फिरवून आणाय चाललोय,” पत्नी म्हणाली, आणि मी पट्टे तपासायला गेलो. एकही पट्टा सैल झाला नव्हता. आरसा मी ज्या कोनात ठेवला होता त्याच कोनात होता. पुढच्या संपूर्ण प्रवासात, प्रत्येक मुक्कामी, चहाच्या आधी मी तो आरसा पाहत असे, आणि प्रत्येक वेळी त्यात मला माझेच तोंड दिसे, आकाश नव्हे.

रणातल्या त्या रस्त्यावर आम्ही सकाळी पोचलो. छायाचित्राने काहीही वाढवून सांगितले नव्हते. दोन्हीकडे पांढरे मीठ, मध्ये रस्ता, वळण नाही, ट्रक नाही, माणूस नाही. पत्नीने मोटार कडेला घेतली. मी खीळ काढली, ट्रेलर उलाळ केला, गाडी मागे सोडत उतरवली, आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून तिच्यावर बसलो.

“बसते,” पत्नी म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला मागे बसता येत नाही. ती जन्मभर पुढेच बसली होती. त्या एका विषयात मात्र माझा अनुभव फार मोठा होता.

“डावा पाय इथे ठेव. माझ्या खांद्याला धर. पिशवी मांडीवर घेऊ नको, मध्ये घे. आणि वळणावर माझ्याबरोबर झुकायचे.”

“वळण हाय कुठं?”

ती बसली. मागचे शॉक हलकेच दबले आणि गाडी पूर्वी कधी नव्हती इतकी रस्त्यावर नीट बसली. आम्ही निघालो. वारा थंड होता. ती काही बोलत नव्हती आणि मीही बोलत नव्हतो, पण या वेळी मला काही बोलायचे राहिले आहे असे वाटत नव्हते.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर आमच्या शेजारी आली आणि तिचा वेग कमी झाला. खिडक्यांतून रंगीत स्वेटर आणि कानटोप्या बाहेर आल्या.

“आगं, केए बावीस! बेळगावची गाडी!”

“आन् ह्या कोण? हेडबाई! अवो हेडबाई, तुमीच न्हवं?”

निपाणीच्या बायका होत्या, सहलीला निघालेल्या. त्यांपैकी एकीची दोन्ही मुले पत्नीच्या शाळेत शिकली होती. माझ्या खांद्यावरची पकड घट्ट झाली. अट मोडली होती. वळण नव्हते, ट्रक नव्हता, पण ओळखणारे सापडले होते, तेही एक गाडीभर. मी वेग कमी केला. “उतरतेस का?” मी हळूच विचारले.

“हेडबाई, तुमी मागं कशा बसलाय?” खिडकीतून पुन्हा प्रश्न आला, आणि मागोमाग हशा.

पत्नीने हेल्मेटची काच वर केली. “आज डायवर ठेवलाय!”

“पगार किती देतासा?”

“जेवून-खाऊन हाय!”

गाडीभर खिदळणे उसळले, आणि टेम्पो पुढे निघून गेली. मी वाट पाहत राहिलो. खांद्यावरची पकड सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

“काय बघताय?” माझ्या कानाशी आवाज आला. “घ्या की फुडं. ह्यास्नी मागं टाका.”

मी आयुष्यात कोणत्याही वाहनाच्या पुढे गेलो नव्हतो. मी उजवीकडे पाहिले, आरशात पाहिले, हॉर्न दिला आणि मूठ पिळली. पांढरी टेम्पो शेजारी आली, तिच्या खिडक्या एकेक करून मागे सरकल्या, बायकांनी हात हलवले, कोणीतरी शिट्टीही मारली, आणि मग पुढे फक्त रस्ता उरला. आरशात ती गाडी लहान होत चालली होती. आरशाच्या कडेला, हेल्मेटच्या उघड्या काचेतून, माझ्या पत्नीचा चेहरा दिसत होता. ती शाळा सुटल्यासारखी हसत होती.

“आता जरा जोरात घ्या की,” ती म्हणाली.